‘माझी काही तक्रार नाही’ असं लिहून घेण्याआधी

प्रति,
महाराष्ट्रातील पोलीस ठाण्यांचे प्रभारी अधिकारी, ठाणे अंमलदार, तपासी अंमलदार आणि महिला सहाय्य कक्षांतील कर्मचारी यांस,

स.न.वि.वि.

नवरा-बायकोच्या वादातला पहिला सरकारी कागद तुमच्या टेबलावर तयार होतो. घटस्फोटाचा दावा कौटुंबिक न्यायालयात सुनावणीला येईपर्यंत बऱ्याचदा दोन-तीन वर्षं उलटलेली असतात. तेव्हा दोन्ही बाजूंचे वकील फायलीतून जे बाहेर काढतात ते तुमचेच कागद असतात: एनसीची (अदखलपात्र नोंदीची) प्रत, अर्जावरचा जबाब, दवाखान्याची यादी (वैद्यकीय तपासणीसाठी तुम्ही दिलेलं पत्र), समजपत्र. क्रूरता कोणाची, पोटगी किती, मूल कोणाकडे, घरात राहायचं कोणी, या सगळ्या प्रश्नांत त्या कागदांचं वजन पडतं. ही प्रकरणं ठाण्यापासून कोर्टापर्यंत हाताळणारे आम्ही वकील, समुपदेशक आणि कार्यकर्ते आहोत. लग्न टिकवायचं की मोडायचं, हा निवाडा कायद्याने तुमच्याकडे दिलेला नाही. जे दिलं आहे ते मात्र पूर्ण झालं पाहिजे, आणि त्यात सर्वांत आधी येते ती नोंद. एवढं सांगायला हे पत्र लिहीत आहोत.

सर्वांत जास्त नुकसान करणारा कागद आधी घेऊ. अर्ज येतो. नवऱ्याला फोन करून बोलावलं जातं. दोन्हीकडचे चार-चार नातेवाईक जमतात. तासाभराने नवरा हात जोडतो किंवा सासरे ‘आता आम्ही बघतो’ म्हणतात, आणि अंमलदार लिहून घेतात: ‘आमच्यात आपसात समझोता झाला असून माझी आता कोणाविरुद्ध काही तक्रार नाही, तरी अर्ज दप्तरी दाखल करण्यात यावा.’ खाली बाईची सही. तिने सही का केली, हे त्या कागदावर कुठेच येत नाही. मुलांची परीक्षा तोंडावर होती, माहेरी भावजय ठेवून घ्यायला तयार नव्हती, रात्रीचे दहा वाजले होते, यातलं काहीही नाही. पुढे त्रास पुन्हा सुरू होतो, ती खटला करते, आणि नवऱ्याचा वकील हाच जबाब पुढे ठेवतो: बाईंनी स्वतःच तक्रार नाही असं लिहून दिलं होतं, म्हणजे आधीची तक्रार खोटी होती. खोटी फौजदारी तक्रार करणं ही मानसिक क्रूरता असून ती घटस्फोटाचं कारण होऊ शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटलेलं आहे. म्हणजे तुम्ही भांडण मिटावं म्हणून घेतलेला जबाब तिच्याच विरुद्धच्या घटस्फोटाचा पुरावा बनतो.

‘तक्रार खोटी होती’ आणि ‘तक्रार खरी आहे, पण आत्ता पुढे जायचं नाही’ ही दोन वेगळी विधानं आहेत. बाईला खरोखर सासरी परत जायचं असेल तर जबाब असा घ्या: ‘मी अमुक तारखेच्या अर्जातील मजकुरावर ठाम आहे. सध्या मुलांच्या शाळेमुळे सासरी जात आहे. पतीने मारहाण न करण्याचे व घरखर्चाला दरमहा अमुक रक्कम देण्याचे कबूल केले आहे. पुन्हा त्रास झाल्यास याच अर्जावरून कारवाई व्हावी.’ नवऱ्याने जे कबूल केलं ते त्याच्याच शब्दांत, त्याच्या सहीने, वेगळ्या कागदावर घ्या. जबाब घेताना ती एकटी असावी, सोबत महिला कर्मचारी असावी, आणि सासरची माणसं दाराबाहेर असावीत, नुसती टेबलापासून लांब बसवून भागत नाही. लिहिलेलं तिला मोठ्याने वाचून दाखवा आणि सही झाली की लगेच प्रत द्या. आज ती प्रत बहुतेक ठिकाणी मिळत नाही. मग माहिती अधिकारात अर्ज करावा लागतो आणि महिना जातो. झेरॉक्सच्या एका पानाने तो महिना वाचतो.

इथेच नांदायला पाठवण्याचं बोलू. दांपत्यहक्क पुनर्स्थापनेचा, म्हणजे जोडीदाराने परत नांदायला यावं असा, हुकूमनामा झाला तरी खुद्द कोर्टसुद्धा बाईला हाताला धरून सासरी पोचवत नाही. कोर्टाला जे करता येत नाही ते ‘आठ दिवस जाऊन तर बघ’ असं सांगून ठाण्यात केलं जातं. सांगणाऱ्याचा हेतू बहुतेकदा चांगलाच असतो. पण परत पाठवलेल्या बाईची आठ दिवसांनी कोणी चौकशी केली, याची नोंद ठाण्याच्या दैनंदिनीत क्वचित सापडते. पाठवायचंच असेल तर पुढच्या भेटीची तारीख टाका आणि बीट अंमलदाराचं नाव लिहा.

दुसरी सवय एनसीची. मार खाऊन आलेल्या बाईला भारतीय न्याय संहितेचं कलम ११५(२), ३५२ आणि ३५१ लावून अदखलपात्र नोंद देतात आणि घरी जायला सांगतात. ती कागदाची घडी करून पिशवीत ठेवते आणि घरी सांगते, ‘केस केली.’ अदखलपात्र गुन्ह्यात दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तुम्हाला तपासच करता येत नाही, आणि पुढचं पाऊल तिलाच कोर्टात जाऊन उचलायचं आहे, हे तिला कोणी सांगितलेलं नसतं. त्यामुळे दुसऱ्या दिवशी काहीच होत नाही, आणि नवऱ्याला मात्र कळतं की काहीच होत नाही. हा दुसरा परिणाम पहिल्यापेक्षा वाईट.

एनसी फाडण्याआधी तीन गोष्टी तपासा. पहिली, दुखापत. हाड किंवा दात मोडला असेल, निखळला असेल, कानाचा पडदा फाटून ऐकू येणं कायमचं गेलं असेल, किंवा पंधरा दिवस तीव्र वेदना राहिल्या वा रोजची कामं करता आली नाहीत, तर ती गंभीर दुखापत ठरते. जुन्या दंडविधानात हे दिवस वीस होते, नव्या संहितेत पंधरा आहेत. तापलेल्या उलथण्याने किंवा चिमट्याने डाग दिला असेल तर कलम ११८ बघा. हे गुन्हे दखलपात्र आहेत. दुसरी गोष्ट, याच बाईच्या याच ठाण्यात आधी किती एनसी आहेत. तीन एनसी म्हणजे तीन सुटी भांडणं नव्हेत, तो एक सलग छळ असू शकतो, आणि तिथे कलम ८५ चा विचार करावा लागतो. हे कलम म्हणजे नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेल्या क्रूरतेचं जुनं ४९८अ, जे १९८३ मध्ये दंडविधानात आलं आणि १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेच्या ८५ व ८६ मध्ये आहे. तिसरी, एकाच हकिकतीत एक जरी दखलपात्र गुन्हा असेल तर सगळं प्रकरण दखलपात्र धरायचं असतं. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ मध्येच, हे सांगितलं आहे.

दवाखान्याची यादी देताना सोबत कर्मचारी पाठवा. सासू शेजारी उभी असली की बाई डॉक्टरांना ‘मोरीत पाय घसरला’ असं सांगते, डॉक्टर तेच लिहितात, आणि ते वाक्य पुढे पुसता येत नाही. दुसरं असं की मुका मार त्या रात्री दिसत नाही. काळेनिळे डाग एक-दोन दिवसांत उठून दिसतात. पहिल्या तपासणीत ‘बाह्य जखम नाही’ असा शेरा आला म्हणून विषय संपवू नका. दोन दिवसांनी पुन्हा यादी देता येते.

‘सासर लातूरचं ना? मग तिकडे जा’ हे वाक्य तर बंदच व्हायला हवं. सर्वोच्च न्यायालयाने ९ एप्रिल २०१९ रोजी रूपाली देवी प्रकरणात स्पष्ट केलं की सासरच्या छळामुळे बाहेर पडून बाई जिथे आसऱ्याला आली, तिथेही ती हा गुन्हा नोंदवू शकते. शिवाय आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यायची आहे, आणि प्रथम खबरीची प्रत विनामूल्य द्यायची आहे. प्राथमिक चौकशीची सवलत आहे, पण तिला मर्यादा आहे. ललिता कुमारी निकालाने २०१३ मध्ये वैवाहिक वादांत अशा चौकशीला वाव दिला. आता तीन ते सात वर्षांखालील शिक्षेच्या गुन्ह्यात उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीने चौदा दिवसांत ती संपवायची आहे. आमच्यापर्यंत येणाऱ्या अर्जांवर परवानगीचा कागद क्वचित असतो, आणि चौदा दिवसांच्या जागी चार महिन्यांच्या ‘तारखा’ असतात. कलम ८५ च्या गुन्ह्याची कोर्टाने दखल घेण्याची मुदत तीन वर्षांची आहे. तारखांवर तारखा पडत राहिल्या की जुन्या घटना मुदतीच्या कडेला जातात आणि त्याचं ओझं बाईवर येतं.

समुपदेशनाला आमचा विरोध नाही, आमच्यातले काही जण तेच काम करतात. पण ते कोणी करायचं याचं उत्तर या राज्याने फार पूर्वी शोधलं आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या आवारातच महिला व बालकांसाठीचा विशेष कक्ष सुरू केला. तिथे प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या बसतात, पोलिसांच्या शेजारी बसतात, पण गणवेशात नसतात आणि गुन्हा नोंदवायचा की नाही हे ठरवत नाहीत. पुढे राज्याच्या अनेक जिल्ह्यांत हे कक्ष गेले. समुपदेशन तिथे होऊ द्या, आणि नोंद ठाण्यात थांबू देऊ नका. कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम १४ समुपदेशनाला पाठवण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यांना देतं, तेही अर्ज दाखल झाल्यानंतर. ‘आधी तीन बैठका, मग गुन्हा’ असा नियम कुठल्याही कायद्यात नाही.

आता फिर्यादीच्या मजकुराबद्दल, आणि इथे आम्ही दोन्ही बाजूंच्या वतीने बोलतो आहोत. कलम ८५ खालच्या फिर्यादी एकापुढे एक ठेवल्या तर तीच वाक्यं दिसतात: ‘माहेरून दोन लाख रुपये घेऊन ये असे म्हणून वेळोवेळी शिवीगाळ व मारहाण करून, उपाशीपोटी ठेवून शारीरिक व मानसिक छळ केला.’ रक्कम बदलते, वाक्य बदलत नाही. बाईने सांगितलेलं असतं वेगळंच: नवरा दारू पिऊन गळा दाबतो, पगाराचं एटीएम कार्ड काढून घेतलं आहे, संशय घेऊन रोज फोन तपासतो, नोकरी सोडायला लावली. यात पैशाची मागणी नाही, म्हणून गुन्हा बसणार नाही अशा समजुतीने ती मागणी लिहिली जाते. ही समजूत चुकीची आहे. क्रूरतेच्या व्याख्येचे दोन भाग आहेत. मागणीसाठी छळ हा दुसरा. पहिल्या भागात मागणी लागतच नाही. बाईला आत्महत्येला प्रवृत्त करेल, किंवा तिच्या जिवाला, शरीराला वा मानसिक आरोग्याला गंभीर इजा करेल असं हेतुपुरस्सर वागणं पुरेसं आहे. तिची खरी हकिकत पहिल्या भागात बसत असताना तिच्या तोंडी न घडलेली मागणी घातली, तर उलटतपासणीत ती मागणी पडते आणि तिच्याबरोबर खरी हकिकतही पडते.

नावांचंही तसंच. नवरा, सासू, सासरे, दीर, जाऊ, लग्न होऊन नाशिकला गेलेली नणंद आणि तिचा नवरा, सगळ्यांनी मिळून एकच वाक्य केलं, असं लिहिलं जातं. अशा मोघम आरोपांवर नातेवाइकांना गोवू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये आणि पुन्हा १० डिसेंबर २०२४ रोजी बजावलं आहे. वेगळ्या गावात राहणाऱ्या नणंदेचं नाव उच्च न्यायालयात रद्द होतं, पण तोवर तिची नोकरी, तिचा संसार, तिचे हेलपाटे यांची भरपाई कोणी करत नाही. इकडे फिर्यादी बाईच्या खऱ्या आरोपावरही संशयाची छाया पडते. उपाय अवघड नाही. प्रत्येक नावापुढे विचारा: काय केलं, कधी, कुठल्या घरात, कशाने, तेव्हा आणखी कोण होतं, त्यानंतर फोन कोणाला केला, दवाखाना कुठला. तारीख आठवत नसेल तर सणावरून, मुलाच्या वाढदिवसावरून, पगाराच्या दिवसावरून काढता येते. उत्तर नसेल तर ते नाव आरोपीच्या यादीत लिहू नका. व्हॉट्सॲपचे संदेश असतील तर नुसते स्क्रीनशॉट छापून जोडू नका. मूळ फोन जपून ठेवायला सांगा, कारण साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र पुढे लागणार आहे.

अटकेविषयी थोडक्यात, कारण याबद्दल तुम्हाला आमच्याहून जास्त माहिती आहे. अर्नेश कुमार निकाल २ जुलै २०१४ चा. आपोआप अटक नाही, आवश्यकतेची कारणं लेखी, हजर राहण्याची नोटीस गुन्हा दाखल झाल्यापासून दोन आठवड्यांत. ती आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस आहे, आणि ती व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं आहे. चुका दोन टोकांच्या होतात. एकीकडे ‘आत टाकू’ ही भीती तडजोडीची रक्कम वाढवायला वापरली जाते. दुसरीकडे नोटीस दिली की तपास संपला असं धरतात आणि दोषारोपपत्र वर्षभर लटकतं. तपासाची प्रगती नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला कळवण्याचं बंधन आता संहितेतच आहे. तपासात साक्षीदार म्हणून जबाब घ्यायचा असेल तर कोणत्याही स्त्रीला, आणि साठ वर्षांवरील पुरुषाला, घरीच भेटायचं असतं. गुन्हाच नोंदवलेला नसेल, नुसती अर्जाची चौकशी असेल, तर तुमचा फोन म्हणजे विनंती आहे. ती न मानणाऱ्या सत्तरीच्या सासऱ्यांना गाडी पाठवून आणता येत नाही.

ज्या बाईला गुन्हा नोंदवायचा नाही, तिच्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे, आणि त्यातल्या कलम ५ ने काम थेट तुमच्यावर टाकलं आहे. हिंसाचाराची तक्रार मिळाली की पाच गोष्टी सांगायच्या: संरक्षण, निवास, आर्थिक मदत, मुलाचा ताबा आणि भरपाई यांसाठी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, सेवा देणाऱ्या संस्था आहेत, संरक्षण अधिकारी आहेत, वकील मोफत मिळतो, आणि ४९८अ, म्हणजे आताच्या कलम ८५, खाली तक्रारही करता येते. मोफत वकिलासाठी स्त्रीला उत्पन्नाची अट नाही, हे बहुतेक बायकांना माहीत नसतं आणि काही ठाण्यांतही माहीत नसतं. तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याचा चालू फोन नंबर, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता, १८१ (महिला मदतवाहिनी) आणि १५१०० (विधी सेवा) हे क्रमांक एका कागदावर छापून ठाणे अंमलदाराच्या टेबलावर ठेवले आणि येणाऱ्या प्रत्येकीच्या हाती दिले, तर कलम ५ चं निम्मं काम होतं. दिल्याची नोंद दैनंदिनीत करा.

घराबाहेर काढण्याचा प्रसंग आला की सासरे घराचं खरेदीखत घेऊन येतात: ‘घर माझ्या नावावर आहे, सुनेचा काय संबंध?’ बरेच अंमलदार इथे गप्प बसतात. सामायिक घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी सुनेचा राहण्याचा हक्क त्यावर असू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १५ ऑक्टोबर २०२० च्या निकालाने स्पष्ट झालं आहे, आणि हिंसाचार कायद्याच्या कलम १७ प्रमाणे तिला कायदेशीर प्रक्रियेशिवाय काढता येत नाही. मालकी कोणाची हे तुम्ही ठरवायचं नाही. आज रात्री कुलूप बदललं गेलं, ती आणि मुलं जिन्यात बसली आहेत, एवढी वस्तुस्थिती पंचांसमक्ष लिहा. निवासाचा आदेश मागताना तोच पंचनामा उपयोगी पडतो.

स्त्रीधनाला ‘दिवाणी बाब’ म्हणून टाळू नका. ते बाईच्या एकटीच्या मालकीचं असतं आणि अडवून ठेवणं हा विश्वासघाताचा गुन्हा होऊ शकतो, हे १९८५ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. आता त्यासाठी न्याय संहितेचं कलम ३१६ आहे. यादी मात्र नीट हवी. ‘दहा तोळे सोनं व संसारोपयोगी साहित्य’ अशी एक ओळ लिहिली की समोरून दोन बांगड्या आणि एक कपाट येतं, आणि सुपूर्तनामा झाल्यावर बाकीचं विसरायचं. प्रत्येक दागिना वेगळा लिहा: नाव, अंदाजे ग्रॅम, कोणी दिला, पावती आहे का, लग्नाच्या फोटोत दिसतो का, शेवटचा कोणाच्या कपाटात पाहिला. पण पहिल्या दिवशी सोन्याच्याही आधी मागवायच्या त्या वेगळ्याच वस्तू: दहावीचं प्रमाणपत्र, आधार, बँकेचं पासबुक, पासपोर्ट, मुलांचे जन्मदाखले आणि दप्तरं, चालू औषधं. यांच्यावाचून ती नोकरी शोधू शकत नाही, मुलाला दुसऱ्या शाळेत घालू शकत नाही.

मुलांच्या बाबतीत ठाण्यात होणारी चूक आम्हाला फार लागते. सहा वर्षांच्या मुलाला टेबलासमोर उभं करून विचारतात, ‘तुला कोणाकडे राहायचंय?’ ताबा ठरवण्याचा अधिकार पोलिसांना नाही, आणि त्या मुलाला आयुष्यभर लक्षात राहील असा प्रश्न विचारण्याचाही नाही. हिंदू कुटुंबात पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असावा असं १९५६ चा कायदा म्हणतो, पण तोही कोर्टाने बघायचा. अंगावर पिणारं बाळ सासरी ठेवून आईला बाहेर काढलं असेल तर थांबू नका. संरक्षण अधिकाऱ्याला त्याच वेळी फोन करा. हिंसाचार कायद्याखालच्या नियम ९ प्रमाणे त्यांनी मदत मागितली की पोलिसांनी सोबत घटनास्थळी जायचं आहे. डांबून ठेवलं असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०० खालच्या शोध वॉरंटसाठी दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. वडिलांकडून मूल हिसकावून आईच्या हाती देणं किंवा उलट, हे मात्र आदेशाशिवाय करू नका. भेटीचा आदेश असून मूल भेटवत नाहीत अशी तक्रार घेऊन वडील आले तर त्यांनाही हाकलू नका. तारीख, वेळ आणि दार उघडलं नाही ही वस्तुस्थिती नोंदवून प्रत द्या, ते कोर्टात ती वापरतील.

पुरुष तक्रारदारांबद्दल इथेच. कलम ८५ त्याला लागू नाही, पण मारहाण, धमकी, घरातल्या वस्तूंची नासधूस हे गुन्हे त्यालाही लागू आहेत. ‘बायकोचा मार खाल्लास?’ असं विचारून हसणाऱ्या ठाण्यात तो पुन्हा येत नाही, आणि त्या वेळचा त्याचा एकमेव पुरावा तिथेच हरवतो.

मग सोडचिठ्ठ्या. शंभर-पाचशेच्या मुद्रांकावर ‘आम्ही राजीखुशीने फारकत घेतली’ असं लिहून, नोटरीचा शिक्का मारून आणलेला कागद ठाण्यात अर्ज बंद करायला वापरला जातो, कधी तर ठाण्याच्या आवारातच तयार होतो. हिंदू विवाह कायद्याखाली झालेलं लग्न त्याने मोडत नाही. जमातीत रूढीने घटस्फोट चालतो असं म्हणणाऱ्याला ती रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते. परस्परसंमतीचा रस्ता कलम १३ब चा: वर्षभर वेगळं राहणं, अर्ज, मग सहा महिन्यांनी दुसरी हजेरी. हे सहा महिने कोर्ट माफ करू शकतं, २०१७ पासून. नोटरीच्या कागदावर विसंबून दुसरं लग्न करणारा द्विविवाहाच्या गुन्ह्यात अडकतो, आणि त्याची दुसरी बायको कायदेशीर पत्नीच्या हक्कांना मुकते. तेव्हा तो कागद फायलीला लावून अर्ज बंद करू नका, दोघांनाही विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता द्या. एक तिहेरी तलाक देऊन बाहेर काढल्याची तक्रार आली तर २०१९ च्या कायद्याने तो दखलपात्र गुन्हा आहे. जातपंचायतीने काडीमोड करून दंड लावला, वाळीत टाकलं, तर सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आपल्याच राज्याने २०१६ मध्ये केला आहे. आणि ‘घटस्फोटाला संमती दे, मग गुन्हा मागे घेऊ’ असा व्यवहार ठाण्यात ठरवू नका. कलम ८५ चा गुन्हा ठाण्यात मिटत नाही, त्यासाठी दोघांनी उच्च न्यायालयात जाऊन तो रद्द करून घ्यावा लागतो. तसं न करता बाई संमती देऊन बसते किंवा नवरा पैसे देऊन बसतो, आणि खटला चालूच राहतो.

शेवटी पोटगीची वॉरंटं. बाई दोन-तीन वर्षं भांडून दरमहा पाच-सात हजारांचा आदेश मिळवते, नवरा भरत नाही, ती वसुलीचा अर्ज करते, कोर्ट वॉरंट काढतं, आणि ते तुमच्याकडून परत येतं: ‘सदर इसम दिलेल्या पत्त्यावर मिळून आला नाही.’ तो इसम रोज सकाळी त्याच पत्त्यावरून कामाला जातो. बाई तपासाला येते तेव्हा ‘तुम्हीच दाखवा कुठे आहे तो’ असं तिला सांगितलं जातं. वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत करायचा असतो, त्यामुळे प्रत्येक न बजावलेल्या वॉरंटाने तिच्या हक्काचे महिने धोक्यात येतात. शेरा लिहिणाऱ्याने किती वेळा, किती वाजता गेलो, कोणाला विचारलं, कामाचं ठिकाण पाहिलं का, हे लिहायला हवं. हिंसाचार कायद्याच्या संरक्षण आदेशाचंही असंच होतं. त्याची प्रत कोर्टाकडून ठाण्याच्या प्रभारींना विनामूल्य यायची असते, पण ती आवक-जावकमध्ये पडून राहते, आणि बाई ११२ वर फोन करते तेव्हा आलेल्या कर्मचाऱ्याला आदेश आहे हेच ठाऊक नसतं. त्या आदेशाचा भंग हा स्वतंत्र, दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे: कलम ३१, एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तिथे एनसी फाडून चालत नाही.

पोलीस अधीक्षक आणि आयुक्तांना यासाठी एकच विनंती. दर महिन्याच्या गुन्हे आढावा बैठकीत प्रत्येक ठाण्याकडून तीन आकडे मागवा: चौदा दिवसांपेक्षा जुने वैवाहिक अर्ज किती आणि त्यांतल्या कितींवर उपअधीक्षकांची लेखी परवानगी आहे, पोटगीची किती वॉरंटं बजावणीविना परत गेली, आणि हद्दीत किती संरक्षण आदेश चालू आहेत, त्यांची यादी ठाणे अंमलदाराकडे व ११२ च्या गाडीवर आहे का. नवा शासन निर्णय लागत नाही, नवा कक्ष लागत नाही. येत्या महिन्याच्या बैठकीपासून हे सुरू करता येईल.

आपले,
कौटुंबिक वादांच्या प्रकरणांत काम करणारे वकील, समुपदेशक आणि कार्यकर्ते